हत्तिणीच्या गोष्टीतला वाघ

“वाघ न्हाई! तिथं वाघ न्हाई!”

नात कानांवर हात दाबून ओरडत होती, आणि मी चित्रांचं पुस्तक उघडं धरून अंगणातल्या खाटेवर वाघासकट अडकलो होतो.

माझ्या गोष्टीत वाघ येतोच. पुणतांब्यात मी आजवर इतके वाघ सांगितलेत, की त्यांची रेशनकार्डं काढली तर गावाला गहू पुरायचा नाही. आवाज तर असा, की मी अंगणात खाकरलो तरी गोदावरीपलीकडच्या म्हशी माना वर करतात.

सूनबाईनं आणलेल्या त्या पुस्तकात मात्र एक हत्तीण होती. तिला आवाज टोचतात, म्हणून ती सुपाएवढे कान मिटून तळ्याकाठी बसते. माझ्या नातीला कुकरची शिट्टी तशीच टोचते. ती कुणाला अंगाशी येऊ देत नाही. पण हे पुस्तक वाचायला घेतलं, की तिची टाच हळूच माझ्या गुडघ्यावर येऊन टेकायची. त्या टाचेपायी मी दुपारची झोप सोडली होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘मैत्रीण आली. काही बोलली नाही. शेजारी बसली.’ आता ही काय गोष्ट झाली? म्हणून मी वाघ आणला.

टाच गेली. नात पुस्तक घेऊन खाटेखाली गेली.

“आबा, तिला लिहिलंय तेच लागतं,” सून आतून म्हणाली. “तुमचा वाघ जरा बांधून ठेवा.”

त्यानंतर टाच काही परत येईना. मग एका दुपारी उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्यानं गेला. पत्रे थरथरले, कोंबड्यांनी धरलेला ताल अजून सुटलेला नाही. नात कान दाबून खाटेखाली मिटली. ड्रायव्हरला शिवी हासडायला मी तोंड उघडलं आणि तसंच बंद केलं. एवढं धूड घेऊन खाटेखाली शिरलो, तिच्या शेजारी आडवा झालो. बोललो नाही. जन्मात पहिल्यांदाच.

गाणं लांब जात जात उसात विरलं. फडावरचे पांढरे तुरे डुलत होते, जणू सगळं शिवार झोपेत मान हलवतंय. खाटेच्या सुतळीतून ऊन गाळल्यासारखं आमच्यावर पडत होतं. वाटलं, आम्ही दोघं तळ्याच्या तळाशी आहोत आणि वर कुणी हत्तीण सावकाश पाणी पितेय. किती वेळ गेला कोण जाणे. पुस्तक सरकत सरकत माझ्या हातापाशी आलं.

मी वाचलं. कुजबुजत, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. शेवटच्या पानाला टाच गुडघ्यावर आली.

पण खोड ती खोड.

“बाई,” मी हळूच विचारलं, “एक लहानसाच वाघ? लांबून जाईल, पाय न वाजवता.”

तिनं तळ्याचं पान वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

“पुस्तकात न्हाई,” ती म्हणाली.