भुऱ्याचं पथ्य

कुत्रा पाळला की लोक विचारतात, चावतो का, भुंकतो का. घरातली माणसं कशी आहेत, हे कोणीच विचारत नाही! आमच्या सिंदी मेघेच्या घरात भुऱ्या हा एकच कुत्रा, पण त्याच्या खाण्याचे किस्से इतके साचलेत की भिशीत मी एक सांगायला घेते आणि सगळ्यांचा चहा गार होतो.

भुऱ्याला मीच रस्त्यावरून उचलून आणलं, ड्रॉपरनं दूध पाजलं. पुढे सगळ्यांच्या ताटातले घास खाऊन तो इतका सुटला की जनावरांच्या डॉक्टरांनी मला सरळच सांगितलं, "वहिनी, लिव्हरवर सूज हाय. ताटातलं बंद करा. एक तुकडाही नाई, नाई त हा हाती लागत नाई." घरी येऊन मी रडले.

ते पाहून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, टेबलावर हात आपटला. "आजपासून ज्यानं भुऱ्याले घास देल्ला, त्याचं ताट उचलजो सूनबाई! माह्यं असलं तरी!" सगळ्यांनी माना डोलावल्या. भुऱ्याची जागा ठरली, दाराजवळचं पोतं.

* * *

ट्रेनिंग आमच्या ह्यांनी घेतलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहून. भुऱ्या पोत्यावर बसला की शाबासकी म्हणून गोरसपाक बिस्कीट! भुऱ्या काय कमी आहे? टेबलाशी यायचा, पोत्यावर जायचा, बिस्कीट घ्यायचा, पुन्हा टेबलाशी! एका जेवणात अख्खा पुडा!

"हे काय करून राह्यले?" मी ओरडले.

"मागू नोको, हे शिकवून राह्यलो न त्याले!"

ह्यांचं ताट उचललं. त्या दुपारी ह्यांनी आपल्या दुकानात समोसे मागवले म्हणे.

* * *

मग आंजी गावाहून माझ्या नणंदबाई आल्या. पुरणपोळीचा बेत होता.

"वहिनी, तो पाहून राह्यला माह्या घासाकडे! नजर लागली त पोट माह्यं दुखन!"

मी म्हटलं, पाठ करून बसा. बसल्या! आणि मागे हात करून पोळी देत राहिल्या!

त्यांचंही ताट उचललं. तेव्हापासून त्या फोन करतात तो फक्त भावाला.

* * *

मामाजींचं तर विचारूच नका. जेवायच्या आधी ते ताटाभोवती पाणी फिरवतात आणि देवासाठी भाताची चार शितं बाजूला काढतात. नियम झाल्यावर त्या शितांचे लाडवाएवढे घास झाले, वर तूप! आणि ठेवायचे कुठे? टेबलाच्या कडेला, बरोबर भुऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर!

"मामाजी, हे काय?"

"देवाचं हाय ते."

"मग भुऱ्या काऊन खाऊन राह्यला?"

"देव कोन्या रूपात येते, कोनाले माहीत!"

सासऱ्यांचं ताट, पण उचललं मी. मामाजी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. झालं! गल्लीभर एकच चर्चा, "सून म्हाताऱ्याले भरल्या ताटावरून उठवते!" अरे, नियम कोणी केला? जीव कोणाचा चालला होता? ते विचारायला कोणी आलं नाही. संताप संताप झाला माझा!

* * *

पण भुऱ्या शिकला हो शेवटी. अंग उतरलं, डोळ्यांत तेज आलं. डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं सांभाळा, पण वाचला." मी खुश होऊन त्यांना जेवायला बोलावलं. पाटवड्या केल्या, वडाभात केला. भुऱ्या पोत्यावर गुमान बसलेला.

"वा वहिनी! काय शिस्त लावली!" डॉक्टर म्हणाले. आणि पाटवडीचा तुकडा मोडून टाकला की त्याच्यासमोर! "एवढ्यानं काई होत नाई!"

भुऱ्यानं तुकडा हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामाजी चावायचे थांबले. दारी आलेला पाहुणा, तोही भुऱ्याला वाचवणारा, ताटात वडाभात अजून तसाच.

मी उठले आणि डॉक्टरांचं ताट उचललं.

त्यांचा हात तसाच हवेत. मामाजींनी आपलं ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"चला डॉक्टर, ओट्यावर बसू. जागा मले माहीत हाय."