दोन वाजेपर्यंत शिजायला हव्यात

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, मटण शिजलं की नाही ते कानाने ओळखायचे. झाकण उघडून बघणं, पळी घालून ढवळणं, तुकडा दाबून पाहणं हे सगळं त्यांच्या लेखी भित्र्या माणसांचं काम. पातेल्याजवळ कान न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून अर्धा तास." आणि अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. लग्न होऊन हरिशंकरपुरम वस्तीतल्या या घरात आले तेव्हा मला वाटलं, नव्या सुनेवर छाप पाडायला चाललंय हे. पण अंगणात कुणी नसलं तरी ते असंच करायचे, हे मी नंतर खिडकीतून पाहिलं.

मी याच शहराच्या जुन्या भागातली, गोरखीतली. माहेरी पिढ्यानपिढ्या भिक्षुकी, चातुर्मासात कांदासुद्धा घरात यायचा नाही. सासर मराठ्यांचं. यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे उत्तरेत आले, आणि ते सांगताना आबांची पाठ आपोआप ताठ व्हायची. या घरची रीत अशी की मटण बायका शिजवत नाहीत. ते पुरुषांनी शिजवायचं, अंगणात, वेगळ्या भांड्यांत. मला काय, पथ्यावरच पडलं. पहिल्याच आठवड्यात मी सांगून टाकलं की मांस माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही आणि मी त्याला हात लावणार नाही. नवरा गोरामोरा झाला. आबा मात्र म्हणाले, "बिलकुल बरोबर. आत तुझं राज्य, बाहेर माझं." नंतरच्या बारा वर्षांत त्यांनी आतला साधा चमचासुद्धा मागितला नाही.

रविवार त्यांच्या थोरल्या भावाचा. त्यांना आम्ही मोठे आबा म्हणतो. ते सराफ्यामागच्या गल्लीतून बरोबर एक वाजता यायचे आणि आबा त्यांच्यासाठी पोर्कच्या बरगड्या करायचे. लाल मिरची, लसूण, गूळ, चिंच, थोडा सिरका, असा मसाला चोपडून मंद आचेवर तासन्‌तास. खाली निखारे, झाकणावरही निखारे. आबा म्हणायचे, "वरून विस्तव नसेल तर ते शिजणं नाही बेटा, नुसतं गरम होणं आहे." मग दोघे भाऊ एकमेकांशी फारसं न बोलता तासभर हाडं चोखत बसायचे. मी दार लावून आत वरणभात जेवायचे.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आबांना धूर बंद केला. फुप्फुसं पार निकामी होत आली होती. शेगडी जिन्याखाली गेली, रविवार सुने झाले आणि आबा चिडचिडे झाले. वर हातही कापायला लागले. चहाचा कप धरायचा तर दोन्ही हात लागायचे, आणि कुणी मदतीला पुढे झालं की डोळे वटारायचे.

गेल्या उन्हाळ्यात मोठ्या काकू, म्हणजे मोठ्या आबांच्या पत्नी, गेल्या. मोठ्या आबांनी त्यानंतर जेवण सोडलं. रुसून नाही, हट्टाने नाही, घास घशाखाली उतरेचना. दोन घोट चहा, चार चमचे पेज. तीन आठवड्यांत माणूस असा वाळला की सदरा त्यांचा वाटेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत पाहू, नाहीतर सोमवारी भरती करून नाकातून नळी घालायची. मोठ्या आबांनी मुलाला सांगितलं की नळी घातली तर मी ओढून काढीन. आणि ते तसं करणारे होते, यात कुणालाच शंका नव्हती.

गुरुवारी आबा भावाला भेटून आले आणि चप्पल न काढता सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी उभे राहिले. सांगू लागले की मी दादाला विचारलं, काय खाशील? तो म्हणाला, तुझ्या हातच्या बरगड्या खाईन, पण आता दात कुठे आहेत. एवढं सांगून आबांनी ओट्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "बेटा, ते तुझं विजेचं भांडं कसं चालतं?"

तो स्लो कुकर मी राजम्यासाठी आणला होता. सकाळी लावून नोकरीला जायचं, संध्याकाळी मऊसूत राजमा तयार. जीव होता माझा त्या भांड्यावर. माझ्या तोंडून निघालं, "घ्या. पण मला परत नको." असं तोडून बोलायची मला खोडच आहे. आबांनी मान डोलावली, जणू मी काही गोडच बोलले होते.

रविवारी पहाटेच नवऱ्याने बरगड्या आणून दिल्या. व्हरांड्यात प्लग होता, तिथे स्टुलावर कुकर मांडला. साफसफाई नवऱ्याने केली, मसाला आबांनी सांगितला. अर्ध्याच मावल्या, उरलेल्या संध्याकाळी करू म्हणून पिशवीत बांधून बाहेरच्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवल्या. बरोबर सहाला कुकर मंद आचेवर लावला, आठ तास. मोठे आबा दोनला येणार होते. नवरा त्यांना आणायला लवकरच गेला, कारण उठवणं, तयार करणं, समजावणं यातच चार तास जाणार होते. घरात राहिलो आबा आणि मी.

आठपासून आबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. भांड्याला कान लावत होते आणि आवाजच येत नव्हता. ना खदखद, ना वाफ. काचेच्या झाकणातून मांस नुसतं पडून दिसत होतं. तीनदा मला विचारून गेले की वीज आहे ना. तिसऱ्यांदा मी वैतागले, म्हटलं आठ तास लागतात म्हणजे लागतात, आणि आंघोळीला गेले. पूजेला बसले तोच व्हरांड्यातून काहीतरी तडकल्याचा आवाज आला.

जाऊन बघते तर आबा हातात चिमटा घेऊन उभे. मागे शेगडी पेटलेली. त्यांनी जिन्याखालून ती काढली होती, कोळसे फुलवले होते आणि निखारे काढून कुकरच्या काचेच्या झाकणावर ठेवले होते. आयुष्यभर जे केलं तेच. काचेचा चुरा होऊन सगळा रश्श्यात पडला होता आणि त्यावर निखारे चुरचुरत होते.

मी ओरडले. सासऱ्यांशी त्या आवाजात मी कधी बोलले नव्हते आणि देवाने परत ती वेळ आणू नये. मी म्हटलं, "एक गोष्ट ऐकवत नाही का तुम्हाला? आता काच भरवणार आहात का भावाला?" आबा हळूच पायरीवर बसले आणि खोकायला लागले. खोकला थांबेना. ओठ निळे पडले. मी धावत जाऊन त्यांचा औषधाचा पंप आणला, तोंडाला लावला, पाठ चोळत राहिले. मला वाटलं, या घरातून आता एका आठवड्यात दोन भाऊ जाणार आणि त्यातल्या एकाला मी घालवलं.

श्वास परत आला तसं त्यांनी पहिलं घड्याळ पाहिलं. साडेनऊ वाजायला आले होते. मग म्हणाले, "उरलेल्या फ्रिजमध्ये आहेत."

आहेत खऱ्या, पण साफ कोण करणार? बरगड्यांच्या मागच्या बाजूला एक पातळ, चिवट पापुद्रा असतो. तो काढला नाही तर मांस कितीही शिजवा, चामड्यासारखं लागतं. आबांनी सुरी हातात घेतली आणि सुरी इतकी थरथरली की त्यांनीच ती खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही, मागितलं नाही काही. बारा वर्षांचा शब्द होता, तो ते मोडणार नव्हते. तो मलाच मोडावा लागला.

मी पिशवी उघडली. आबा पायरीवरूनच सांगत होते, कोपऱ्यात बोट घाल, सुटलं की कोरड्या फडक्याने धर आणि न थांबता ओढ. दोनदा सटकला. तिसऱ्यांदा टरकन सगळा पापुद्रा हातात आला. आबा म्हणाले, "वा." माझ्या हाताला घाण वाटत होती आणि त्या एका शब्दाने मला रडूही येत होतं.

आधीचं सगळं टाकून दिलं. कुकरचं भांडं तीनदा धुतलं, टॉर्च मारून बोटाने चाचपलं. मसाला चोळला, आच मोठीवर केली. मोठ्या आचेवर चार तास, म्हणजे दोन वाजून दहा मिनिटं होणार होती. झाकण उरलं नव्हतं. आबांनी स्टीलची थाळी ठेवायला सांगितली, मी कणीक मळून कडेने घट्ट लिंपली आणि वर खलबत्ता ठेवला. आता आत काय चाललंय ते ना दिसत होतं ना ऐकू येत होतं. आबा म्हणाले, "मी शेगडीकडे गेलो तर माझा हात धर."

चार तास आम्ही दोघे त्या थाळीसमोर बसून होतो. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकलीच नाही, निदान तसं दाखवलं. मग आपणहून सांगू लागले की शाळेत नापास झालो तेव्हा तीन दिवस मी जेवलो नव्हतो. आई रडून थकली, वडील मारून थकले. दादा गोरखीच्या शाळेतून आला, दप्तर फेकलं आणि माझ्या छातीवर बसला. नाक दाबून एकेक घास भरवला. "माझ्या अंगात आता ती ताकद नाही," आबा म्हणाले. "नाहीतर मीही तेच केलं असतं."

दोनला गाडी आली. मोठ्या आबांना त्यांच्या मुलाने आणि माझ्या नवऱ्याने धरून आत आणलं. ते खुर्चीवर टेकले आणि डोळे मिटून घेतले. आबांनी दहा मिनिटं त्यांना बसवून ठेवलं, एक मिनिट कमी करायला तयार नाहीत. मग सुरीच्या मुठीने कणीक फोडली. वाफ अंगावर आली. चिमट्याने पहिली बरगडी उचलली तर नुसतं हाड वर आलं, स्वच्छ, आणि मांस खालीच राहिलं. आबांनी ते ताटलीत घेऊन दोन बोटांनी कुस्करलं आणि भावाच्या तोंडाशी नेलं.

मोठ्या आबांनी घास तोंडात धरून ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता थुंकतील. मग गळ्याची घाटी हलली आणि घास खाली गेला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "किसने बनाया?" आबा म्हणाले, सूनबाईने. त्या दिवशी मोठे आबा दोन बरगड्या जेवले आणि सोमवारी नळी घालायची वेळ आली नाही.

मग दर रविवारी मीच करू लागले. नवं काचेचं झाकण आणलं. आबा खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढायचे. गूळ जास्त, लसूण जाड, पापुद्रा कोपऱ्यात राहिला. मी उलट उत्तरं द्यायचे. खरं सांगते, माझ्या वडिलांशी मी आयुष्यात जितकं बोलले नाही तितकं त्या सहा-सात महिन्यांत आबांशी बोलले.

जानेवारीतल्या धुक्याने आबांना गाठलं. अकरा दिवस दवाखान्यात होते आणि बाराव्या सकाळी गेले. तेराव्यापर्यंत मोठे आबा रोज येऊन कोपऱ्यात बसायचे. डोळ्यांत पाणी नाही, समोर चहाचा कप तसाच. त्यांच्या मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं की घरीही परत काही खात नाहीत. मला जे भय होतं तेच झालं होतं, आणि या वेळी भरवायला आबा नव्हते.

पुढच्या रविवारी मी कुणाला न विचारता बरगड्या आणवल्या. सहाला कुकर लावला आणि मोठ्या आबांना दोन वाजता घेऊन या म्हणून फोन केला. ते आले. मी ताट मांडलं, तीन बरगड्या वाढल्या आणि कुस्करून पहिला घास हातावर दिला. पहिली बरगडी खायला त्यांना पाऊण तास लागला. दुसरी त्यांनी स्वतःच्या हाताने खाल्ली. एवढं पुष्कळ झालं म्हणून मी ताट उचलायला वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "ही त्याच्या वाटणीची आहे."

गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. तिसरी बरगडी त्यांनी सगळ्यांत सावकाश खाल्ली.