दगडावरची इंचरी

फोन आला तेव्हा मी दुधाचे रिकामे खोके कापून, विसळून खिडकीत वाळत लावत होते. तोक्योच्या कोतो भागात राहायला आल्यावर कचऱ्याची ही शिस्त मला बाईंनी लावली होती, आणि फोन होता बाईंच्याच दिरांचा, ओकादासानांचा. वहिनी पहाटे गेल्या, ते म्हणाले. आजार लांबलेला होता, त्यामुळे धक्का असा बसला नाही. पुढे त्यांनी अतिशय नम्रपणे सांगितलं की अस्थी ओकादा घराण्याच्या थडग्यात ठेवू आणि देवळातले पुजारी वहिनींना मरणोत्तर नाव देतील. गेलेल्या माणसाला इथे बौद्ध रीतीने नवं नाव मिळतं आणि दगडावर तेच कोरतात. मी ऐकून घेतलं, फोन ठेवला, उरलेले खोके विसळले आणि मग खाली बसले. कारण दगडावर फक्त ते नवं नाव येऊ द्यायचं नाही, असं बाईंनी मला हॉस्पिटलात बजावून ठेवलं होतं.

बाई म्हणजे एल्स्पेथ इंचरी. मूळच्या स्कॉटलंडच्या. तरुणपणी इंग्रजी शिकवायला जपानमध्ये आल्या, ओकादा नावाच्या इंजिनिअरशी लग्न करून इथेच राहिल्या. दोन हजारच्या दशकात आयटीवाले नवरे आणि त्यांच्यामागून आम्ही बायका कोतोतल्या या इमारतींमध्ये येऊन पडलो, तेव्हा खालच्या सभागृहात त्या आम्हाला जपानी शिकवायच्या. म्हणून त्या बाई. त्यांच्या दारावर दोन पाट्या होत्या, एक ओकादा आणि एक इंचरी. रहिवासी मंडळाने एका दाराला एकच पाटी असा नियम दाखवला, तर यांनी, आत दोघं राहतात, असं उत्तर देऊन दार लावून घेतलं. पुढे नवरा वारला, तेव्हा मंडळातले गृहस्थ पुन्हा आले. त्याची पत्रं अजून येतात, असं सांगून बाईंनी त्यांनाही परत पाठवलं. 'ओकुसान', म्हणजे अमक्याची बायको, अशी हाक कुणी मारली तर त्या वळूनही बघत नसत. कानाने अधू आहेत असं अर्ध्या इमारतीला वाटायचं.

पहिल्याच वर्गात त्यांनी आम्हाला जपानीत नावं सांगायला लावली. मी सांगितलं, अनघा सबनीस. "आणि लग्नाआधी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर्षा कोंडूरकर. आडनाव बदलतं हे त्यांना ठाऊक होतं, पण पहिलं नावसुद्धा? मग मी त्यांना ताटात पसरलेले तांदूळ, अंगठीने त्यात लिहिलेलं नवं नाव, पेढे वाटणं, सगळं सांगितलं. हौसेनेच सांगितलं, आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. फक्त पहिले काही महिने सासरी हाक मारली की मी वळायचेच नाही, हेही बोलून गेले. बाकीच्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. "आणि त्या वर्षाचं काय झालं?" त्यांनी विचारलं, जणू ती कुणी वेगळीच बाई होती आणि स्टेशनवर हरवली होती...

त्यांचं स्वतःचं काम मात्र वेगळंच चालू असायचं. दर उन्हाळ्यात त्या स्कॉटलंडला जायच्या आणि इंचरी आडनावाची माणसं शोधायच्या. जुनी चर्चं, दफनभूमी, गावातली वाचनालयं, दुकानं. दोन घराणी त्यांना सापडली होती, एक डोंगराकडचं, एक समुद्राकडचं, आणि त्यांचा मूळपुरुष एकच असणार म्हणून त्या वर्षानुवर्षं डोकं फोडत होत्या. दोन्ही फांद्या काही केल्या एका खोडाला लागेनात. एकदा चहा पिताना त्यांनी ते कोडं मला ऐकवलं. मी म्हटलं, नातं असायलाच हवं का? आम्ही कोंडूरकर, कारण कोंडुऱ्याचे. पुण्यात आमच्या गल्लीत दुसरे कोंडूरकर होते, त्यांची जातही वेगळी. आमचं गाव एक, बाकी संबंध काही नाही. तुम्हीही इंचरीकर असाल. त्यांनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

पुढच्या उन्हाळ्यात त्या माणसं सोडून जागा शोधायला लागल्या, आणि लोकरीच्या दुकानातल्या एका म्हातारीने त्यांना ती दाखवली. दोन ओढ्यांमधली उतरण. तिथे इंचरी नावाची वस्ती होती, मेंढ्यांना कुरण हवं म्हणून जमीनदाराने ती उठवली. काही घरं डोंगराकडे गेली, काही समुद्राकडे. गाव गेलं, नाव तेवढं माणसांनी सोबत नेलं. बाईंनी फोटो आणले होते. पडक्या भिंतींचे दोन, बाकी सगळे थडग्यांचे. त्यातला एक त्यांनी माझ्या हातात दिला. वर नवऱ्याचं नाव, खाली 'आणि त्याची पत्नी', आणि पुढे तिचं माहेरचं आडनाव, इंचरी. तिकडे जुन्या दगडांवर तशीच पद्धत. बाईंना त्याचा कोण अभिमान. जमीन काढून घेतली, घर पाडलं, लग्न केलं, तरी ही बाई इंचरीच, असं त्या बोट ठेवून सांगायच्या.

हॉस्पिटलातल्या शेवटच्या भेटीत त्यांनी तोच विषय काढला. "नवऱ्याच्या शेजारीच राहायचंय मला, त्याच्याशी काही भांडण नाही. पण दगडावर इंचरी हवं. मला हाक मारली तर कळली पाहिजे." मी बघते म्हणाले. "बघते नको. करते म्हण." मी करते म्हणाले.

म्हणून अस्थी ठेवण्याच्या दिवसाआधी मी तो फोटो घेऊन ओकादासानांकडे गेले. मी घरं भाड्याने देणाऱ्या ऑफिसात नोकरी करते, नम्रपणे नाही म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. ते म्हणाले, आमच्या दगडावर सगळे ओकादाच आहेत. मी फोटो पुढे सरकवला. ते म्हणाले, हे स्कॉटलंड आहे. मी म्हटलं, तुमच्या वहिनीही तिथल्याच होत्या. मग ते म्हणाले की एकीसाठी रीत मोडली तर उद्या... आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. वाक्य असं अर्धं सोडणं म्हणजे इथला पक्का नकार. मीही उठले नाही.

त्यांच्या पत्नी इतका वेळ चहा ओतत होत्या. वर्षानुवर्षं ओळख, पण त्यांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी फोटो उचलला, चष्मा वर करून नीट बघितला. "मी मोरी," त्या म्हणाल्या. "लग्नाआधीची. मलाही असंच हवं."

ओकादासान त्यांच्याकडे वळले. "हे कधीपासून?"

"आत्तापासून," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

पुजाऱ्यांची काही हरकत नव्हती, त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मरणोत्तर नाव वर आहेच, त्यावर बाई कुरकुरल्या असत्या. पण त्याखाली, ओकादा यांची पत्नी एल्स्पेथ इंचरी. जपानी अक्षरांत आणि त्यांच्या स्वतःच्या लिपीतही. दगड कोरणाऱ्याने रोमन अक्षरं जरा तिरकी काढली आहेत. असू देत.

बाईंचं घर रिकामं करताना त्या दोन्ही पाट्या मी स्क्रू काढून घेतल्या. माझ्या दाराशी चपलांच्या कपाटावर आहेत. आणि दारावर सबनीसच्या खाली एक नवी पाटी लावली आहे, वर्षा कोंडूरकर. नवरा म्हणाला, वरची जागा मला ठेवलीस, आभारी आहे. मुलीने जपानीत, लांबलचक आहे, एवढाच शेरा मारला. परवा पार्सलवाला आला. पाटीवरचं एकेक अक्षर जुळवत त्याने बाहेरून हाक मारली, को-न-दू-रु-का-रु-सान? मी आत कणीक मळत होते. तशाच हातांनी, पहिल्याच हाकेला, जाऊन दार उघडलं.