दाजींच्या गाडीला भित्रं गिऱ्हाईक पाहिजे

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नाही, आणि आमच्या शहरातली सगळ्यात जोरात पळणारी गाडी त्यांनीच स्वतःच्या हातानं बांधली. ही दोन्ही विधानं मी एका दमात करते तेव्हा लोक माझ्याकडे संशयानं बघतात. मी वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. न बघता, न लिहिता काही बोलायची मला सवय नाही. म्हणून आधी भित्रेपणाचा पुरावा देते, मग गाडीचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हा गृहस्थ पंख्याखाली सरळ झोपत नाही. पलंगावर तिरका झोपतो, म्हणजे पंखा पडलाच तर "फार तर पाय जातील". गॅसचा रेग्युलेटर बंद केला की स्वतः वास घेतात, मग ताईला घ्यायला लावतात, आणि घरात सर्दीची साथ असेल तर शेजारच्या काकूंना बोलावतात. एसटीत बरोबर मध्यावर बसतात. पुढे बसलं तर समोरचा धडकतो, मागे बसलं तर मागचा. मधली जागा नसेल तर गाडी सोडून देतात आणि आम्हालाही खाली उतरवतात. एकदा आम्ही सगळे फर्दापूरला मुक्काम करून अजिंठ्याला गेलो होतो. माणसं आत चित्रं बघत होती आणि दाजी लेण्याच्या दाराशी उभं राहून छताच्या भेगा बघत होते. मी म्हटलं, "या की आत. इतकी शतकं टिकलंय ते छत." ते शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. आता पडायला आलं असंल."

असा माणूस कारखान्याच्या टूलरूममधली ड्यूटी संपवून रोज संध्याकाळी चिकलठाण्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचा आणि रेसची गाडी बांधायचा. एक जुनी लहान चारचाकी आणून त्यांनी तिच्या आतलं सगळं काढून टाकलं. सीटा गेल्या, काचा गेल्या, पायाखालचं मऊ अस्तर गेलं. अपघातात सापडलेल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन तिच्यात बसवलं, आणि गाडी उलटली तरी माणूस चेपू नये म्हणून आत जाड पाइपांचा पिंजरा वेल्ड केला. बसायला सीट एकच. ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही. ट्रकवर चढवून कोइमतूरला न्यायची आणि तिथल्या ट्रॅकवर पळवायची. वर्षातून एकदा दाजी ते करत आणि उरलेलं वर्षभर त्या एका दिवसाला घाबरत.

मी एकदा विचारलंच, की तुम्ही जालना रोड ओलांडायला माझा हात धरता, मग हे कसं काय जमतं? दाजींना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "मेव्हणीबाई, जालना रोडवर कोण कुठून येईल सांगता येतं का? तिथं सगळे एकाच दिशेनं जातेत. वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. अँब्युलन्स आधीच येऊन थांबलेली असती. असं सेफ ठिकाण मला दुसरं दाखवा." मी मनातल्या मनात यादी केली. दुसरं ठिकाण खरंच सापडेना.

गाडी बांधली होती ती कौशल्यानं, पण त्याहून जास्त भीतीनं. पहाटे वाईट स्वप्न पडलं की सकाळी पिंजऱ्याला एक पट्टी वाढायची. जिथे एक बोल्ट पुरे तिथे दोन. गाडी शेडमधून आपोआप घरंगळू नये म्हणून ती गिअरमध्ये उभी करायची, वर चाकांना विटा लावायच्या. शेडची जमीन तर टेबलासारखी सपाट. इंजिन बंद करायचे खटके तीन. एक ड्रायव्हरच्या हाताशी, एक बाहेर बॉनेटवर, आणि तिसरा लांब वायरीनं जोडलेला, शेडच्या भिंतीवर. त्या तिसऱ्या खटक्यावरून आम्ही त्यांना इतकं छळलं की दिवाळीत माझ्या नवऱ्यानं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

मग गेल्या हिवाळ्यात कोइमतूरला ते झालं. दुसऱ्याच फेरीत, एका लांब वळणावर, दाजींच्या डोळ्यांसमोर जग फिरलं. गाडी नव्हे, जग. त्यांनी अंदाजानंच ब्रेक दाबला, गाडी गवतात उतरून थांबली, आणि लोक धावत आले तरी स्टिअरिंगवरची त्यांची बोटं सुटेनात. इथल्या डॉक्टरांनी कानात दोष सांगितला. चक्कर केव्हाही येईल. जोरात वळणं बंद. झोपाळासुद्धा नको म्हणाले. दाजी घरी आले आणि शेडचं शटर ओढून घेतलं.

गाडी विकायची हे तिथंच ठरलं. अख्खी विकायची की खोलून भाग भाग विकायची, हे मात्र ठरेना. मी कामाला लागले. कागदाचे दोन उभे भाग केले, डावीकडे अख्खीचे फायदे, उजवीकडे खोलण्याचे. दाजींनी कागद वाचला आणि म्हणाले, "यात माणूस मरायचं कुठं लिहिलंय?"

त्यांचं म्हणणं असं. "अख्खी दिली तर एखादं पोरगं ती समृद्धी महामार्गावर काढणार आणि मरणार. आणि ते मेलं माझ्या वेल्डिंगमध्ये, असं मला जन्मभर वाटणार." मी म्हटलं, मग खोलू. तर त्यांची भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. "इंजिन एकाकडं जाणार, ब्रेक दुसऱ्याकडं. म्हणजे पळायचं सामान एकाच्या घरी अन् थांबायचं दुसऱ्याच्या. आता एकाची भीती आहे. मग आठ जणांची घेऊन झोपू का?" ताई आतून म्हणाली, "झोपता कुठं तुम्ही? तिरकं पडून जागेच असता."

शेवटी मी अख्ख्या गाडीची जाहिरात टाकली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. दाजी त्यांना गाडी दाखवायच्या आधी एकच प्रश्न विचारायचे, "तुम्हाला भीती कशाची वाटती?" रेसची गाडी घ्यायला आलेला माणूस यावर काय बोलणार? कुणी म्हणे कशाचीच नाही, कुणी म्हणे देवाची. एका दातांच्या डॉक्टरनं "बायकोची" म्हणून स्वतःच हसून घेतलं. दाजी ऐकून घ्यायचे आणि ताईला हाक मारायचे, "यांना चहा दे." याचा अर्थ गाडी मिळणार नाही. आलं घातलेला, दुधाचा, चांगला चहा पिऊन माणसं रिकाम्या हातानं परत जायची. ताई म्हणायची, गाडी जाईल तेव्हा जाईल, पण आधी साखर संपेल.

फुलंब्रीकडचा तो मुलगा आला तेव्हा मी शेडमध्येच होते. सोबत चार मित्र, गळ्यात साखळी, शेताचे प्लॉट पडलेले असावेत असा एकंदर थाट. मी गाडीच्या पुढे उभी राहून टायरवरचे नंबर कागदावर उतरवत होते. दाजींनी प्रश्न विचारला.

"भीती? आपल्याला नाय वाटत, काका."

"कशाचीच?"

"कशाचीच नाय."

दाजी चहा सांगायला दाराकडे वळले. तेवढ्यात तो मुलगा पाइपांमधून आत घुसला, सीटवर बसला आणि स्टार्टरचं बटण दाबलं. गाडी गिअरमध्ये होती. ती उडालीच. चाकाखालची वीट बाजूला फेकली गेली, पत्र्याचं शेड दणाणलं, आणि मला फक्त गाडीचे दोन दिवे मोठे होताना दिसले. पाय हलले नाहीत. मग एकदम आवाज बंद झाला. गाडीचं नाक माझ्या गुडघ्याला टेकलेलं होतं. दाजी भिंतीपाशी उभे होते आणि त्यांचा हात तिसऱ्या खटक्यावर होता.

"सॉरी मावशी," तो मुलगा आतून म्हणाला, आणि त्याचे मित्र हसले. त्यांना चहा मिळाला नाही. ते गेल्यावर दाजींनी तिसरा खटका चारदा वर-खाली करून बघितला आणि मी, नेहमीप्रमाणे, टायरचा राहिलेला नंबर लिहायला घेतला. तीनदा लिहिला, तिन्ही वेळा आकडा वेगळाच आला. घरी जाऊन मी तो दोन भागांचा कागद फाडला आणि गाडी आता खोलायचीच म्हणून जिन्सीतल्या मामूंना फोन केला.

मामू म्हणजे मोटारींच्या जुन्या सामानाचे व्यापारी. रविवारी सकाळी ते गॅसकटर घेऊन हजर झाले. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पिंजऱ्यावर बोटानं टकटक केलं. "इत्ता लोहा डाले तुम दाजी, रेल का डब्बा बनारे थे क्या?" मग गंभीर झाले. "देखो, बाकी सब दोपहर तक खोल देता मैं. पन ये पिंजरा नै खुलता. इसकू काटनाच पडता."

दाजी म्हणाले, "कापा." हा शब्द त्यांनी मोठ्या धीरानं उच्चारला, पण लगेच पाण्याच्या दोन बादल्या भरल्या, वाळू आणली, ताईला घराबाहेर काढलं आणि शेजारच्या काकूंनाही. मामू चष्मा चढवत होते, तेवढ्यात फाटकाशी एक चारचाकी थांबली. छतावर पिवळी पाटी, 'शिकाऊ'. त्यातून चाळिशीतल्या एक बाई उतरल्या. मूळच्या कन्नड तालुक्यातल्या, इथे सिडकोत गाडी शिकवण्याचा क्लास चालवायच्या. जाहिरात बघून आल्या होत्या.

"उशीर झाला," मी म्हटलं. पण दाजींच्या तोंडून सवयीनं प्रश्न निघून गेला होता, "भीती कशाची वाटती?"

बाईंनी जरा विचार केला. "कुठून सुरू करू? पहाटेच्या बॅचपासून सांगू का?" आणि त्या खरंच सांगू लागल्या. "रोज शेजारच्या सीटवर बसते मी. माणसं ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतेत. मला रिक्षाची भीती वाटती, म्हशीची वाटती, फोनवर बोलत रस्ता ओलांडणाराची वाटती. अन् 'मॅडम, मला येतं' म्हणणाराची लई वाटती."

दाजींनी स्टूल ओढलं, रुमालानं पुसलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "मग ही गाडी कशाला पाहिजे?"

"एकदा तरी एकटीनं चालवायची. शेजारी कुणी नाय, समोरून कुणी येत नाय."

इतके दिवस या माणसाला मी कुणापुढे असं विरघळताना पाहिलं नव्हतं. ते भराभर सांगू लागले, हे डबल केलंय, ते डबल केलंय, तुम्ही काळजी करू नका, माझ्यावर भरवसा ठेवा.

"नाय ठेवणार," बाई म्हणाल्या. "राग मानू नका, काका. गाडी नेली की पहिली सगळी खोलणार मी. एकेक बोल्ट बघणार. मग बसणार."

मला वाटलं, आता चहा. मामूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "लो. खुलना तो हैच उसकू. मैं खोलूँ या ये खोलें."

दाजींचा चेहरा पडलेला होता. टूलरूममधल्या माणसाला त्याच्या कामावर भरवसा नाही असं तोंडावर सांगितलं होतं, तेही त्याच्याच शेडमध्ये. ते गेले आणि फळीवरचा पान्यांचा डबा घेऊन आले. मग बाईंना म्हणाले, "इथंच सुरू करा की. पाना देतो."

बाई ओढणी कमरेला खोचून गाडीखाली शिरल्या. चक्कर येते म्हणून दाजी वाकू शकत नव्हते. स्टुलावर बसून नुसता टॉर्च धरत होते. ऊन शटरपर्यंत आलं तेव्हा खालून आवाज आला, "काका, मागच्या डाव्या चाकाचा एक नट पूर्ण बसलेला नाय." दाजी पांढरे पडले. मी त्यांचा खांदा धरला; म्हटलं, झालं, आता हे कापायलाच सांगणार. पण ते एकदम हलकं हसले आणि मला म्हणाले, "बघा, मी उगाच भीत नव्हतो." मामूंना तोवर ताईनं चहा दिला होता; या वेळी त्याचा अर्थ फक्त चहा एवढाच होता.

बाई गाडी ट्रकवर चढवून घेऊन गेल्या, आणि त्यानंतर त्यांचे फोन येत राहिले. एकदा मी तिथंच होते. बाई विचारत होत्या, छतालगतच्या पाइपवर आडवी पट्टी कशासाठी? तिचा कशाशीच संबंध दिसत नाही. दाजींनी खूप आठवून बघितलं. "आठवत नाय. त्या दिवशी कशाची तरी भीती वाटली असंल."

"काढू का?"

"राहू द्या," दाजी म्हणाले.

बाई कोइमतूरला गेल्या त्या दिवशी दाजींनी मला सकाळपासूनच बोलावून घेतलं. जेवण कुणी केलं नाही. दाजी फोन मांडीवर ठेवून बसले होते. तो वाजला तेव्हा उचलायचा त्यांना धीर होईना. शेवटी मीच बटण दाबून त्यांच्या कानाला लावला. पलीकडे वारा होता आणि बाईंचा धाप लागलेला आवाज. मला शब्द कळले नाहीत. दाजी एवढंच म्हणाले, "मग?" आणि थोड्या वेळानं परत, "मग?"

फोन ठेवल्यावर ताईनं विचारलं, काय झालं.

"लांब वळणावर भ्याली म्हणे," दाजी म्हणाले. "पाय उचलला. गाडी वळली." एखादा बाप मुलगी पास झाली म्हणून ज्या सुरात सांगेल, त्याच सुरात. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, खुर्चीचे दोन्ही हात स्टिअरिंगसारखे घट्ट धरले, आणि त्यांचं डोकं अगदी हळूहळू डावीकडे कलत गेलं. चक्कर आली का, असं मी विचारणार होते. ताईनं मला हातानं थांबवलं.