नळाचा पहिला वाढदिवस

आजीनं पदर तोंडाला लावला आणि गालातल्या गालात हसली, की समजावं, आता कुणाची तरी फजिती होणार. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चेहरा भोळा आणि पोटात सगळी कारस्थानं.

पाचोडच्या स्टँडजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. आमच्याकडं पोराला दात आला तरी त्याचा बॅनर लागतो. एका बाजारच्या दिवशी जवळच्या वस्तीवरची ही आजी आली. म्हणाली, बाळाचा पहिला वाढदिवस आहे, मोठा बॅनर पाहिजे. मी फोटो मागितला. तिनं सुनेचा मोबाईल पुढं केला. फोटोत नळ!

"वरसाचं झालं लेकरू," ती म्हणाली, "पर एकदा बी मुतलं नाय."

मी खुर्चीवरून पडायचाच राहिलो. हसू ओसरल्यावर खरं ते कळलं. सरकारी नळयोजनेत वस्तीतल्या घरोघरी नळ बसले, पण आजीच्या शेवटच्या गल्लीत थेंब आला नव्हता. सरपंचांना विचारलं की येईल, पाणीपुरवठ्याच्या साहेबांना विचारलं की होईल. सून पोटुशी, म्हणून आजीच दुखरे गुडघे घेऊन रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे वाहत होती.

मग मी बॅनर जीव लावून केला. नळाला गॉगल, गळ्यात सोन्याची चेन, खाली 'शुभेच्छुक : शेवटची गल्ली'. वर सरपंच आणि साहेबांचे हात जोडलेले फोटो. ते आजीनंच घालायला लावले. मोठी माणसं राहिली तर रुसतात, म्हणाली.

स्टँडवर निम्मा बाजार सेल्फी काढायला लोटला. सरपंच तणतणत दुकानात आले. मी म्हणालो, गिऱ्हाइकाच्या घरचं शुभकार्य, नाही कसं म्हणू? शेवटी साहेबांना घेऊन ते आजीची समजूत काढायला गेले. मीही मागोमाग गेलो, असला तमाशा कोण सोडतो? आजीनं दोघांना खाटेवर बसवलं, टॉवेल-टोपी दिली, नळाला ओवाळलं आणि त्यांच्यापुढं रिकामे तांबे ठेवले.

"पाव्हण्याला आधी पाणी द्यावं. घ्या, लेकराच्या हातचं घ्या."

साहेबांनी तोटी फिरवली. नुसती हवा फुसफुसली आणि सगळी गल्ली फिदीफिदी हसली. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी उभ्या उभ्या माणसं बोलावून गल्लीच्या तोंडाशी खणायला लावलं. पाइप होता हो, व्यवस्थित पुरलेला! फक्त मोठ्या लाइनला जोडायचा राहिला होता.

आजी गेल्या साली गेली. मला ती आठवते ती पाणी आलं त्या सकाळची. हंडा भरून वाहू लागला तरी ती तोटी बंद करीना. सून म्हणाली, आत्या, पाणी वाया चाललंय. आजी ओल्या जमिनीवर फतकल मारून बसली होती.

"वाहू दे गं घडीभर," ती म्हणाली. "जलमभर म्या त्याच्या दारी गेले. आज ते माझ्या दारी आलंय."

सूनही पोट सावरत तिच्या शेजारी बसली.