प्रबंधातलं तिसरं पान

१६ एप्रिल २०२५, बुधवार. रक्कम अडीच हजार रुपये. हजर: विभागप्रमुख, मुलीच्या मार्गदर्शक मॅडम, मुलगी आणि मी.

रक्कम दंडाची होती. एम.एस्सी.च्या प्रबंधात तिसऱ्या पानावर मुलीने लिहून दिलं होतं की दोन प्रकरणांचं इंग्रजी तिने एआयकडून सुधारून घेतलं. त्याने सुचवलेले तीन लेख ग्रंथालयात शोधले तर ते कुठे छापलेलेच नव्हते, म्हणून घेतले नाहीत. आमच्या शहरातल्या चेरीताल वस्तीच्या चाळीस घरांतल्या पाण्याची तपासणी मात्र तिची स्वतःची. ती तिचीच, हे मी सांगू शकतो. बाटल्यांची पिशवी मी उचलत होतो.

विभागाचा नियम असा, की एआय वापरल्याचं दिसलं की दंड आणि फाइलवर ‘अनुचित साधन’ हा शेरा. कशासाठी वापरलं, किती वापरलं, सांगून वापरलं की लपवून, याला नियमात जागा नव्हती.

मॅडमनी तिच्या भल्यासाठीच ते तिसरं पान ब्लेडने कापून ठेवलं होतं. त्यांनी एक कागद पुढे केला. ‘एआयचा वापर केलेला नाही’ असं त्यावर छापलेलं होतं.

“बेटा, साइन कर दो. दंडही नाही, शेराही नाही.”

मुलगी माझ्याकडे वळली. “बाबा, मी काहून खोटं लिहू?”

“सही करायची नाही, दंडही भरायचा नाही, तर प्रबंध पुढे जाणार नाही,” विभागप्रमुख हिंदीत म्हणाले. “वर्ष जाईल. भाईसाहब, आप समझाइए.”

मी विचारलं, “सर, यंदा प्रबंध किती आले?”

“अठ्ठावीस.”

“असं पान कितींमध्ये आहे?”

“फक्त हिच्या.”

“म्हणजे बाकी सत्तावीस जणांनी एआयला हातही लावला नाही?”

मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी पाचशेच्या पाच नोटा टेबलावर ठेवल्या. “दंड घ्या. पण पावतीवर कारण लिहा: वापर स्वतःहून सांगितल्याबद्दल. खाली तुमची सही.”

“रसीदवर नुसतं ‘दंड’ लिहितात,” विभागप्रमुख म्हणाले.

“कशाचे ते लिहिल्याशिवाय माझ्या घरातून दूधवाल्यालाही पैसे जात नाहीत. आणि ही पावती मी कुलसचिवांना दाखवणार आहे.”

पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण निघालं, आणि पुस्तक परत मिटलं.

“वकील हैं क्या आप?”

“नाही. विमा कचेरीत हिशेब तपासतो.”

विभागप्रमुखांनी सही न झालेला कागद फाडला. “उस पन्ने के साथ ही भेज दो. परीक्षक बघून घेतील.”

घरी बायको दोघांवर उखडली. “अडेलतट्टू बाप, अडेलतट्टू लेक! अन् वर्ष गेलं असतं म्हणजे?”

“गेलं असतं,” मुलगी म्हणाली आणि जेवायला बसली.

तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी तिसऱ्या पानापासूनच सुरुवात केली. ते तीन लेख खोटे आहेत हे कसं कळलं, असं विचारलं. तिने सांगितलं. ती पास झाली. विभागाचा नियम अजून तोच आहे. धाकट्या मुलाचा प्रबंध दोन वर्षांनी येईल, त्यातही असं पान असेल.

दंडाच्या नोटा माझ्या पाकिटात परत आल्या. शेवटी दिले ते साठ रुपये, घमापूरच्या बाइंडरला, कापलेलं पान जागेवर बसवण्याचे.