उकिरड्यातला चमचा

अस्गरने गवंडीकाम सोडलं तेव्हा आता करायचं काय, हा मोठाच प्रश्न पडला. म्हणून मुलीने त्याला धातू शोधायचं यंत्र आणून दिलं. जन्मभर कंबर दुखते म्हणणारा माणूस, पण यंत्र हातात आलं की दिवसभर वाकायला तयार. घरी काय यायचं? नालांचे खिळे, बियरची झाकणं, कधीमधी एखादं जुनं नाणं. त्याची बायको कार्ला म्हणायची, "म्हाताऱ्या, घरातला कचरा टाक म्हटलं की पाय दुखतात, आणि लोकांचा कचरा आणायला टेकडी ओलांडतोस."

टेकडीआडचं ते मोठं शेतघर कधीचं ओस पडलंय. छप्पर खचलं, खिडक्यांतून झाडं बाहेर आली. तरुणपणी अस्गर तिथेच गडी होता. हल्लीच्या मालकाने "खणा, पण खड्डे बुजवा" एवढंच सांगितलं. एका मंगळवारी तो डुकरांच्या गोठ्यामागे, जुन्या उकिरड्याच्या जागी, यंत्र फिरवत होता. यंत्र गोड आवाजात बोललं. वीतभर खाली चांदीचा चमचा निघाला. थुंकी लावून त्याने दांडा पुसला, तर त्यावर त्या शेतघराच्या तेव्हाच्या मालकीण मारेनबाईंच्या सासरच्या नावाची आद्याक्षरं.

अस्गर तिथेच चिखलात बसला.

पंचावन्न वर्षांपूर्वी सुगीच्या जेवणानंतर हाच चमचा हरवला होता. स्वयंपाकघरात तेव्हा गुद्रून कामाला होती, अठरा वर्षांची, जिभेने तिखट. अस्गरने तिला नाचाला येतेस का विचारलं, तर म्हणाली, "आधी अंगाचा डुकराचा वास घालवून ये." सगळे हसले. त्यानंतर आठवड्याने बाईंनी विचारलं, "अस्गर, तू काही पाहिलंस का?" तो म्हणाला, "गुद्रून बोचकं घेऊन जाताना दिसली." बोचकं होतं, खोटं नव्हतं. पण त्यात आईकडे धुवायला न्यायचे कपडे होते, हेही त्याने पाहिलं होतं. तेवढं मात्र त्याने गिळलं.

गडी-मोलकरणी नोव्हेंबरात बदलायची रीत होती, पण गुद्रूनला त्याआधीच काढून टाकलं. पुढे ती जिथे जाई तिथे बायका आपापल्या पर्स मांडीवर घेऊन बसत. शेवटी ती बंदरावर मासे साफ करायच्या कारखान्यात गेली.

आणि बटाट्याच्या सालांची, खरकट्याची बादली रोज उकिरड्यावर नेऊन ओतायचं काम कोणाचं होतं? अस्गरचं. चमचा बाहेर गेला तो त्याच्याच हाताने.

तीन दिवस त्याला घास गोड लागेना. चौथ्या दिवशी त्याने कार्लाला सांगितलं. तिने टोमणा मारला नाही, ते त्याला जास्त लागलं. "गुद्रून आहे अजून," एवढंच ती म्हणाली. "बंदरावर, चर्चमागच्या इमारतीत राहते."

गुद्रूनने दार उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय रे, आता आलास होय नाचाला विचारायला?"

त्याला हसूही येईना. त्याने रुमाल सोडून चमचा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बोचक्याचंही. तिने चमच्याला हात लावला नाही.

"केवढासा आहे हा," ती म्हणाली. "मला आपलं वाटायचं, फावड्याएवढा असेल."

"गुद्रून, मला माफ कर."

"बसने किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं."

"वीस मिनिटांचा रस्ता, आणि पंचावन्न वर्षं लावलीस." तिने कॉफी ओतली, पण एकाच कपात, स्वतःच्या. "आणि मला कशाला सांगतोस? मी घेतला नव्हता हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. मग ये, कॉफी देईन."

पुढच्या गुरुवारी गावच्या सभागृहात सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. अस्गर बोलायला उठला आणि लोकांचं लक्ष वेधायला त्याने सुरीने ग्लास वाजवला. लोकांना वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल. त्याने घसा खाकरला. "मारेनबाईंचा चमचा गुद्रूनने चोरला नव्हता."

ज्यांनी पर्स मांडीवर घेतल्या होत्या त्या बहुतेक जणी केव्हाच मातीत गेल्या होत्या. टेबलाच्या टोकाची एक तरुण बाई बाळाला भरवता भरवता म्हणाली, "कुठला चमचा, आजोबा? गुद्रून कोण?"

कार्लाने मान खाली घातली. अस्गरचे कान लाल झाले. सुटका नव्हती. पुढ्यातलं डुकराचं मांस गार होत होतं, आणि त्याने पहिल्यापासून, अगदी त्या नाचापासून, सांगायला सुरुवात केली.